कापसावरील आयात शुल्काची सूट व आपला खानदेश

आपल्या शाळेत येणाऱ्या मुलांपैकी कित्येकांच्या घरी कापूस पिकतो, आणि कित्येकांच्या घरी कापसावर पोट चालते. ही दोन वाक्ये वरवर सारखीच दिसतात. त्यांत किती अंतर आहे हे मला स्वतःला सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात, वर्गात फळ्यापुढे उभे असता, प्रथम नीट उमगले.

नववीच्या वर्गात व्यापाराचा धडा चालला होता. परदेशांतून येणाऱ्या कापसावरील आयात शुल्क मध्यवर्ती सरकारने काही काळापुरते माफ केल्याचे वृत्त त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांतून आले होते, म्हणून मी सहज विचारले, "ही बातमी चांगली की वाईट?" मागच्या बाकावरचा एक मुलगा लागलीच उठून म्हणाला, "चांगली, सर. माझे वडील सूतगिरणीत कामाला आहेत. रुई महाग म्हणून तिसरी पाळी बंद ठेवली होती, ती आता चालू होईल." त्याच्या शेजारी बसणारा, चोपडा तालुक्यातून येऊन वसतिगृहात राहणारा त्याचा मित्र मात्र उठला नाही. बसल्या जागेवरूनच तो हलक्या आवाजात म्हणाला, "सर, आमचा कापूस पुढच्या महिन्यात निघायचा आहे."

दोन्ही उत्तरे खरी होती. तास संपल्याची घंटा झाली आणि त्या दिवशी माझी सुटका झाली. प्रस्तुत लेख हा त्या दोघांस उशिराने दिलेला जबाब आहे, असे वाचकांनी समजावे.

प्रथम शुल्क म्हणजे काय ते पाहू. गावच्या वेशीवर नगरपालिका पूर्वी जो कर घेत असे, त्यास आपण जकात म्हणत असू. पालकांपैकी अनेकांस ते नाके आठवत असतील. आयात शुल्क हीही एक जकातच, परंतु ती देशाच्या वेशीवर, म्हणजे बंदरावर किंवा विमानतळावर, मध्यवर्ती सरकार घेते. तिचे हेतू दोन असतात. एक, सरकारच्या तिजोरीत भर घालणे; दुसरा, परका माल थोडा महाग करून देशी मालास आडोसा देणे. सन १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या पंचविसाव्या कलमान्वये सरकारला असाही अधिकार आहे की, लोकहितार्थ वाटल्यास केवळ एक अधिसूचना काढून कोणत्याही वस्तूवरील हे शुल्क सर्वस्वी वा अंशतः माफ करावे. त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. एका संध्याकाळी कागदावर सही होते आणि दुसऱ्या सकाळी बंदरात उभ्या असलेल्या मालाची किंमत बदलते. ही शक्ती केवढी मोठी आहे, हे खंडीच्या हिशेबाने सहज कळेल.

कापसावर बरीच वर्षे आयात शुल्क नव्हते. सन २०२१ च्या फेब्रुवारीतील अर्थसंकल्पात ते बसविण्यात आले: मूळ सीमाशुल्क शेकडा ५, शेतीच्या पायाभूत सुविधांसाठी अधिभार शेकडा ५, आणि या दोहोंच्या बेरजेवर समाजकल्याणाचा अधिभार शेकडा १०. मुलांनो, येथे पुष्कळ जण चुकतात व बेरीज वीस करतात. शेवटचा अधिभार मालाच्या किमतीवर नसून शुल्कावर आहे. म्हणून शंभर रुपयांच्या रुईवर ५ अधिक ५ अधिक १, असे एकूण ११ रुपये शुल्क होते.

आता समजा, परदेशी रुईच्या एका खंडीची बंदरावरील किंमत ५०,००० रुपये आहे. व्यापारात खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. तीवर शेकडा ११ प्रमाणे शुल्क ५,५०० रुपये. सूट मिळताच गिरणीला तीच खंडी तेवढ्याने स्वस्त पडते. सुताच्या उत्पादनखर्चात निम्म्याहून अधिक भाग रुईचाच असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे मागच्या बाकावरचा मुलगा का आनंदला ते समजेल. बांगलादेश व व्हिएतनाम या देशांतील गिरण्यांना परदेशी कापूस विनाशुल्क मिळतो आणि त्यांचेच कापड आपल्या कापडाशी जगाच्या बाजारात झुंजते. तेव्हा गिरणीवाल्यांची तक्रार केवळ स्वार्थाची आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु हिशेब येथेच थांबविला तर तो अर्धाच राहील. शेतकरी रुई विकत नाही. तो सरकीसकट कापूस विकतो. शंभर किलो कापसातून जिनिंगमध्ये सुमारे ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी व थोडी घट. म्हणजे एक खंडी रुईसाठी सुमारे साडेदहा क्विंटल कापूस लागतो. परदेशी रुई ५,५०० रुपयांनी उतरली व देशी रुईचा भाव तिच्यामागून तितकाच उतरला, तर शेतकऱ्याच्या क्विंटलमागे सुमारे सव्वापाचशे रुपये कमी होतील. प्रत्यक्षात सर्वच घसरण त्याच्या माथी येत नाही. ही वरची मर्यादा झाली. तरी पाच एकरांवर एकरी सहा क्विंटल पीक धरल्यास तीस क्विंटलांमागे ही रक्कम पंधरा हजारांच्या वर जाते. एका मुलाच्या शिक्षणाचा त्यात किती खर्च भागेल, ते पालकांस मी सांगावयास नको.

एका घरी ज्यास कच्चा माल म्हणतात, ते दुसऱ्या घरचे पिकून तयार झालेले पीक असते. 'उद्योगधंद्यांच्या कच्च्या मालावरील शुल्कात सवलत' हे शब्द अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचताना कोणासही खटकत नाहीत. खानदेशात ते खटकतात, कारण येथे शेत आणि गिरणी यांमध्ये एका बैलगाडीचे अंतर आहे.

इंग्लंडात तसे नव्हते. इंग्रज सरकारने आपल्या देशात येणाऱ्या कापसावरील शुल्क सन १८४५ मध्येच काढून टाकले. लँकेशायरच्या गिरण्यांस त्याने मोठा लाभ झाला आणि तोटा कोणासच झाला नाही. कारण त्या थंड बेटावर कापसाचे एक झाडही उगवत नाही. विनाशुल्क कच्चा माल हे तत्त्व अशा भूमीत जन्मास आले. तत्त्व चुकीचे नव्हे. परंतु जेथे कापूस पिकतही नाही अशा देशातले ते औषध, जेथे तो घरोघर पिकतो तेथे त्याच मापाने द्यावे काय, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

इंग्रजी अमदानीत आपल्याकडे जे घडले ते पाहिले म्हणजे शुल्काचा हात किती ठिकाणी पोहोचतो ते दिसेल. सन १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरला मिळेना, आणि मुंबई इलाख्यातील कापसास सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास भुसावळपर्यंत लोहमार्ग आला. खानदेशची कपाशी तेव्हापासून जगाच्या बाजाराशी बांधली गेली ती आजतागायत. पुढे येथे गिरण्याही निघाल्या. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, चाळीसगावची मिल ही नावे आपल्या आजोबांच्या तोंडी असत. सन १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. दोहोंची भिस्त एकाच पिकावर होती.

या गिरण्यांच्या मालावर सरकारने एक विचित्र बोजा घातला होता. सन १८९४ मध्ये तिजोरी रिकामी झाल्यामुळे हिंदुस्थान सरकारला विलायती कापडावर शुल्क बसविणे भाग पडले. लँकेशायरने ओरड केली की, यायोगे हिंदी गिरण्यांस आडोसा मिळतो. त्या ओरडीस मान देऊन, हिंदी गिरण्यांच्या मालावरही तोडीस तोड अबकारी कर लावण्यात आला. सन १८९६ मध्ये दोन्ही शेकडा साडेतीन झाले. म्हणजे परक्या कापडावर जेवढे शुल्क, तेवढाच दंड घरच्या कापडावर! तीस वर्षे हा कर चालला. त्याची वसुली १९२५ च्या डिसेंबरात थांबली व १९२६ मध्ये तो रद्द झाला. आपल्या लोकांच्या मनांत शुल्काविषयी जो संशय मुरला आहे, त्याचे मूळ मला या तीस वर्षांत दिसते.

मध्यंतरी सन १९२१–२२ मध्ये सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली जकातविषयक मंडळ नेमले गेले. धंद्यांस विचारपूर्वक संरक्षण द्यावे, परंतु त्यांस लागणारा कच्चा माल व यंत्रे सामान्यतः विनाशुल्क येऊ द्यावीत, असा अभिप्राय त्याने दिला. तत्त्व उत्तम, पण तिजोरीपुढे तत्त्वे टिकत नाहीत. सन १९३१ च्या सप्टेंबरात, जगभर मंदी पसरली असता, सरकारने पुरवणी अर्थसंकल्प मांडून परदेशी कापसावर पौंडामागे अर्धा आणा, आणि रंग व यंत्रे यांवर शेकडा दहा असे शुल्क बसविले. सन १९३९ मध्ये कापसावरचे अर्ध्या आण्याचे एक आणा झाले. रंगांचे दुःख तर आधीचेच होते. सन १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच जर्मनीचे रासायनिक रंग येईनासे झाले होते आणि रंगाऱ्यांची तारांबळ उडाली होती. नीळ पिकविणाऱ्या या देशाने आपले देशी रंग जर्मन भुकटीपुढे सोडून दिल्यास तेव्हा फार वर्षेही झाली नव्हती.

कापसावरील त्या अर्ध्या आण्याने खानदेशच्या शेतकऱ्याचे किती भले झाले? फारसे नाही. मुंबईच्या गिरण्या बाहेरून जो कापूस आणीत, तो मिसर व पूर्व आफ्रिकेतील लांब धाग्याचा असे, बारीक सुतासाठी. आपला त्या वेळचा कापूस आखूड धाग्याचा, जाड्याभरड्या सुताचा. दोघांची गाठच पडत नसे. आपला खरा ग्राहक दूर जपानात होता, आणि त्याची कथा मुलांनी अवश्य लक्षात ठेवावी.

जपानी कापड स्वस्त म्हणून हिंदुस्थानच्या बाजारांत लोटले होते. सन १९३३ च्या जून महिन्यात सरकारने ब्रिटिशेतर कापडावरील शुल्क शेकडा ७५ पर्यंत चढविले. गिरण्यांनी समाधानाचा श्वास सोडला. परंतु जपानी गिरणीवाल्यांनी उलट उत्तर दिले: तुम्ही आमचे कापड घेत नाही, तर आम्ही तुमचा कापूस घेत नाही. त्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. खानदेश–वऱ्हाडच्या ज्या आखूड धाग्याच्या रुईला जपानवाचून मोठे गिऱ्हाईक नव्हते, तिच्यावर हा घाव बसला. कापडावरील शुल्काने कापूस पिकविणारा घायाळ झाला! अखेर सन १९३४ च्या आरंभी उभय देशांत करार होऊन, जपानने हिंदुस्थानचा जितका कापूस न्यावा त्या मानाने त्यास कापड पाठविता यावे, अशी सांगड घातली गेली. शेतकऱ्याचा माल आणि विणकराचा माल एकाच तराजूच्या दोन पारड्यांत असतात, हे त्या करारात स्पष्ट लिहिलेले आहे.

असो. आता पुन्हा आपल्या काळाकडे येऊ.

सन २००२ मध्ये बी.टी. वाणास परवानगी मिळाल्यापासून खानदेशातील कपाशीचे रूप पालटले. आजच्या आपल्या कापसाचा धागा बहुधा २८ ते ३० मिलिमीटर भरतो. अमेरिका, ब्राझील येथून येणारा पुष्कळसा कापूस याच लांबीच्या आसपासचा असतो. आजोबांच्या वेळी जी गाठ पडत नव्हती, ती आता पडते. म्हणून शुल्कात सूट दिली असे कानी आले की पहिला प्रश्न असा विचारावा: कोणत्या धाग्यावर? सन २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने ३२ मिलिमीटरहून लांब धाग्याच्या कापसावरील शुल्क माफ केले. असा अतिलांब धागा आपल्या देशात थोडा पिकतो व गिरण्यांना तो हवाच असतो. या सुटीने गिरणीचे काम झाले आणि खानदेशात कोणाच्या ताटातील भाकर उणी झाली नाही. माझ्या मते सवलत कशी आखावी याचा हा चांगला नमुना आहे. पण ज्याने कोणाचे नुकसान होत नाही त्याची चर्चाही होत नाही, त्यामुळे ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक आहे.

सर्व कापसावरील सूट मात्र दोनदा मिळाली, आणि दोन्ही वेळांचा परिणाम भिन्न झाला. पहिली १४ एप्रिल २०२२ पासून सप्टेंबरअखेरपर्यंत होती व पुढे ऑक्टोबरअखेरपर्यंत वाढली. त्या वेळी सर्व जगात कापूस भडकला होता. परदेशी रुई शुल्कावाचूनही महागच पडत होती; त्यामुळे सूट देऊनही भाव चढतच गेले आणि मे महिन्यात खंडीने एक लाख रुपये ओलांडले. शेतकऱ्याने आपला कापूस बहुतेक विकलेला होता. ज्या थोड्यांनी घरात राखला होता त्यांस क्विंटलास दहा हजारांहून अधिक मिळाले; त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ६,०२५ रुपये होता. ती सूट कोणाच्या फारशी ध्यानातही राहिली नाही.

दुसरी सूट १९ ऑगस्ट २०२५ रोजी लागू झाली. या खेपेस जगाचे भाव उतरलेले होते व आपल्याकडील रुई त्या मानाने महाग होती. शिवाय अमेरिकेने हिंदी मालावर शेकडा ५० शुल्क लादले, ते २७ ऑगस्टपासून अंमलात आले. तयार कपडे परदेशी पाठविणाऱ्या कारखान्यांचे धाबे दणाणले. त्यांस दिलासा म्हणून कापसावरील शुल्क माफ झाले. प्रथम मुदत ३० सप्टेंबरपर्यंतच होती. तेथेच ती थांबती तर आपल्या भागात फारसे बिघडले नसते. सरकारी लेख्यांतही कापसाचे वर्ष ३० सप्टेंबरला संपते व १ ऑक्टोबरला नवे सुरू होते. परंतु दूरदेशीहून जहाज येण्यास महिना-दीड महिना लागतो, तेवढ्यात मुदत संपणार, ही गिरण्यांची अडचण होती. २८ ऑगस्टला मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली.

आता आपल्या शेताचे पंचांग काढा. तापीकाठच्या बागायतीत कपाशी मे–जूनमध्ये लागते. पहिली वेचणी सप्टेंबरात येते. कोरडवाहू कपाशी ऑक्टोबर–नोव्हेंबरात फुटते. दसरा ते दिवाळी हे दिवस म्हणजे घरात पहिला पैसा येण्याचे दिवस: उधारीवर घेतलेले खत, औषध, वेचणीची मजुरी, पीककर्ज, आणि मुलांचे कपडे. नेमक्या याच दिवसांत शुल्काचा आडोसा उघडा राहिला. विनाशुल्क मालाचे सौदे सुरू होताच सरकारच्या भारतीय कापूस महामंडळाने, ज्यास बाजारात सर्व जण सीसीआय म्हणतात, आपल्याजवळील रुईचे विक्रीचे दरही उतरविले. जहाजे अजून समुद्रातच होती, पण भाव आधीच धक्क्याला लागला होता.

येथे एखादा सुज्ञ वाचक म्हणेल की, हमीभाव आहे, मग भीती कशाची? सन २०२५–२६ साठी मध्यम धाग्यास ७,७१० आणि लांब धाग्यास ८,११० रुपये हमीभाव ठरला होता. खरे आहे, आणि तो मागील हंगामाहून ५८९ रुपयांनी अधिक होता. परंतु हमीभाव हा कागदावरील आकडा आणि खरेदी केंद्रावरील चिठ्ठी यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. मोबाइलवर 'कपास किसान' या अॅपमध्ये नोंदणी करावी, सातबारा जोडावा, मग कापूस केंद्रावर न्यावा, तेथे ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पुरा भाव, त्यापुढे बारापर्यंत भाव कापून, आणि बाराच्या वर ओलावा असल्यास गाडी परत. पावसाळ्याच्या शेवटी वेचलेला कापूस किती ओला असतो हे शेतकऱ्याच्या पोरास विचारावे. ज्याला आजच मजुरी द्यावयाची आहे तो वाट पाहत बसत नाही. दारात आलेल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर, खेडा खरेदीत, हमीभावाहून कमी दराने घालून मोकळा होतो.

गिरणीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जो कारखानदार माल परदेशी पाठवितो, त्याला कच्चा माल विनाशुल्क आणण्याची आगाऊ परवानगी पूर्वीपासून मिळू शकते. निर्यातीनंतर भरलेले शुल्क परत मिळविण्याचीही तरतूद आहे. मग सरसकट सूट कशासाठी? उत्तर असे की, या परवानग्यांचे कागदपत्र सांभाळणे मोठ्या कारखान्यांस जमते. धुळ्याच्या गल्लीत चार यंत्रमाग चालविणारा विणकर परदेशी रुई स्वतः आणीत नाही. तो बाजारातून सूत घेतो, आणि सुताच्या भावात शुल्क आधीच मुरलेले असते. त्याच्यापर्यंत दिलासा पोहोचावयाचा तर सरसकट सुटीवाचून सोपा मार्ग नाही, असे गिरणीवाले म्हणतात. हे म्हणणे मला निम्मे पटते. सूट मिळाल्यावर सूत तितक्याच प्रमाणात उतरते किंवा नाही, यावर कोणाचाही पहारा नसतो. शुल्क काढण्यास एक रात्र पुरते. ते विणकराच्या दारापर्यंत उतरण्यास किती दिवस लागतात, हे अधिसूचनेत लिहिलेले नसते.

एवढ्यावरून कोणी असा ग्रह करून घेऊ नये की, कच्च्या मालावरील प्रत्येक सवलत शेतकऱ्यास मारक असते. जळगावचेच दुसरे उदाहरण घ्या. भवरलाल जैन यांच्या कारखान्याने सन १९८० मध्ये पी.व्ही.सी.चे नळ बनविण्यास आरंभ केला. आज बांभोरीच्या वाटेने जाणाऱ्यास नळांच्या राशी दिसतात. हे पी.व्ही.सी. म्हणजे एक प्रकारची कृत्रिम राळ. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग क्लोरीन, जो आपल्या रोजच्या मिठातून मिळतो. उरलेला भाग बहुधा खनिज तेलापासून येतो. देशाला लागणाऱ्या या राळेपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून आणावी लागते. सन २०२२ च्या मे महिन्यात सरकारने तिच्यावरील मूळ शुल्क शेकडा १० वरून साडेसातवर आणले. त्याच वेळी नाफ्ता या तेलजन्य द्रवावरील शुल्क अडीचवरून एकवर उतरविले. विहिरीपासून केळीच्या बागेपर्यंत पाणी नेणारा नळ ज्या भुकटीचा बनतो, ती स्वस्त झाली तर त्याचा फायदा यावल–रावेरच्या केळीवाल्यास होतो. आमच्या वसतिगृहातील त्या मुलाच्या वडिलांकडे दोन एकर केळीही आहे. म्हणजे राळेवरील सुटीने त्यांचे थोडे वाचते आणि कापसावरील सुटीने त्यांचे बरेच जाते. एकाच माणसाच्या एका खिशात येते व दुसऱ्यातून निघते.

मात्र राळेलाही तिचा 'शेतकरी' आहेच. रत्नागिरीस ही राळ तयार करणारा मोठा कारखाना आहे. तेथील एखाद्या शाळेत, नववीच्याच वर्गात, "राळेवरील शुल्क कमी झाले, बातमी चांगली की वाईट?" असे गुरुजींनी विचारले तर मागच्या बाकावरून कोणते उत्तर येईल, याची कल्पना मुलांनी स्वतः करावी. डाळ गिरण्यांच्या बाबतीतही तेच. जळगावच्या डाळीचे नाव देशभर आहे. सन २०२३ पासून परदेशी तूर विनाशुल्क येऊ लागली, तेव्हा गिरण्यांना दाणा मिळाला व शहरातल्या गृहिणीस वरण परवडले. तूर पेरणाऱ्याचे मत अर्थातच वेगळे पडले.

नाताळच्या सुटीत मी चोपडा तालुक्यातील त्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरली होती. बसण्यास ओसरीवर सतरंजी टाकली. मुलाची आई म्हणाली, "गुरुजी, धाकट्या दोघांच्या अंगाला कापसाने सारखी खाज सुटते. रात्री झोप नाही. पण काय करता?" वडिलांनी पहिल्या वेचणीचा सात क्विंटल कापूस दिवाळीपूर्वीच खेडा खरेदीत घातला होता, उरलेला एकवीस क्विंटल राखून ठेवला होता. केंद्रावर नंबर लागला नव्हता. ते अहिराणीत बोलले. त्याचा आशय असा की, एकतीस तारीख उलटेपर्यंत कापूस हलवावयाचा नाही.

मुलाने वही आणून दाखविली. वर्गात केलेला खंडीचा हिशेब त्याने घरच्या आकड्यांनी पुन्हा मांडला होता: एकवीस गुणिले सव्वापाचशे, बरोबर अकरा हजार पंचवीस. गुणाकार बिनचूक होता. मी खाली बरोबरची खूण केली, आणि ही वरची मर्यादा आहे, भाव तितका चढेलच असे नाही, हेही पेन्सिलीने लिहिले. वडिलांनी ते मोठ्याने वाचून घेतले आणि विचारले, "मग चढेल किती, गुरुजी?"

मला सांगता आले नाही. परतताना एस.टी.त त्याचा मित्र भेटला; आजोळी निघाला होता. वडिलांची तिसरी पाळी ऑक्टोबरपासून सुरू झाली, असे त्याने सांगितले, आणि आपल्या मित्राचा कापूस विकला गेला काय, हे विचारले.